फोनच्या खोक्यावर एक्सपायरी का छापत नाहीत?

कराडात आमचं मेडिकल आहे आणि मला फोनचं वेड आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असं नवऱ्याचं ठाम मत. माझं मत निराळं आहे. दिवसभर पट्ट्यांवरची एक्सपायरी बघून नजर अशी तयार झालीये की कुणी नवा फोन पुढे धरला तर माझं बोट कॅमेऱ्याकडे जातच नाही. सेटिंग्ज, 'फोनबद्दल', अँड्रॉइड व्हर्जन, आणि त्याखाली सिक्युरिटी अपडेटची तारीख. फोन कुठल्या महिन्यात अडकून पडलाय ते तिथं कळतं.

मध्यंतरी औषध कंपनीचा एक एमआर नवाकोरा फोन मिरवत काउंटरवर आला. मागे चामड्याचा पोत, कॅमेऱ्याचा हा एवढा मोठा गोल. मी तारीख बघितली. सिक्युरिटी अपडेट, म्हणजे पॅच, पाऊण वर्ष जुना.

"मॅडम, परवाच घेतलाय!"

"घेतला परवा. माल कधीचाय?"

तो हसला आणि त्याच्या नव्या अँटिबायोटिकची स्कीम सांगायला लागला. पण मी गंमत करत नव्हते. फोन आपण एका दिवसात घेतो आणि पुढं तीन-चार वर्षं वापरतो. त्या वर्षांत तो कसा वागेल हे अपडेट ठरवतात, आणि अपडेट कुठवर मिळणार हे दुकानात आपण विचारत नाही, दुकानदारही सांगत नाही.

मला हे वेड लागलं डी.फार्म करताना. तेव्हा हातात आलेलं अँड्रॉइड म्हणजे २.३, जिंजरब्रेड. त्यावर मराठी पान उघडलं की बऱ्याच फोनांवर नुसते चौकोन दिसायचे. त्यावर उतारा होता ऑपेरा मिनी. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' टाइप करायचं, पार खाली जायचं, 'युज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असं काहीसं लिहिलेलं असायचं, त्यापुढं 'यस' करून सेव्ह मारायचं. मग त्यांचा सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. कॉपी करता यायची नाहीत, पण वाचता यायची. वर्गातल्या किती जणींना मी ते 'यस' करून दिलं असेल! एका मैत्रिणीच्या वडिलांनी तर मला घरी बोलावून पोहे खायला घातले, का तर त्यांना फोनवर पेपर वाचता यायला लागला.

मग २०१४ च्या फेब्रुवारीत मोटो जी भारतात आला. फक्त फ्लिपकार्टवर, ८ जीबीचा १२,४९९ रुपयांना. मी तेव्हा दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये नोकरीला होते आणि माझ्या पगाराच्या मानानं तो आकडा भारी होता, तरी घेतला. त्याचं कारण कॅमेरा नव्हता. कॅमेरा सुमारच होता. कारण होतं अपडेटचं वचन. तोवर त्या किमतीतल्या फोनांना अपडेट ही दुसऱ्यांच्या फोनबद्दल वाचायची गोष्ट होती. हा आला अँड्रॉइड ४.३ घेऊन, त्याला किटकॅट, म्हणजे ४.४, मिळालं, पुढं लॉलीपॉप मिळालं. पहिल्यांदा 'सिस्टिम अपडेट उपलब्ध' असं वर उमटलं तेव्हा मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ते उतरवून घेतलं होतं. रीस्टार्ट झाल्यावर तोच फोन, तीच काच, आणि आतलं सगळं नवं. फुकटात!

लॉलीपॉप, म्हणजे ५.०, याची मला आणखी एक गोष्ट आवडते. त्यात अँड्रॉइडच्या भाषांच्या यादीत मराठी आली. सगळ्या कंपन्यांनी ती लगेच आपल्या फोनात ठेवली असं नाही, पण दार उघडलं ते तिथं. आणि त्या जुन्या अपडेटचा फायदा किती लांबवर पोचावा? २०२५ च्या १ जानेवारीला व्हॉट्सॲपनं किटकॅटवरच्या फोनांना रामराम केला. लॉलीपॉपपर्यंत पोचलेले फोन वाचले. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी 'नको ते अपडेट, फोन स्लो होतो' म्हणून किटकॅटवरच मुक्काम ठोकला होता, त्यांचा व्हॉट्सॲप बंद. दोन्ही फोन एकाच खोक्यातून निघालेले.

मध्ये एक काळ असा आला की कंपनीच्या अपडेटची वाट बघणं मला कमीपणाचं वाटायचं. मायक्रोमॅक्सच्या यू ब्रँडचा युरेका ८,९९९ रुपयांना मिळायचा आणि त्यात सायनोजेन होतं, म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेलं वेगळं सॉफ्टवेअर. या सायनोजेनवरून वनप्लस आणि मायक्रोमॅक्स डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात भांडत होते, की भारतात हे सॉफ्टवेअर वापरायचा हक्क कुणाचा. प्रोसेसरवरून नाही, कॅमेऱ्यावरून नाही, सॉफ्टवेअरवरून कोर्टकचेरी! मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. मग बूटलोडर अनलॉक करणं (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप काढणं), रिकव्हरी टाकणं, रात्री जागून रॉम फ्लॅश करणं, म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं बसवणं, सुरू झालं. पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन एकदम दाबून धरायचं आणि श्वास रोखून बसायचं. लोगो येतो, जातो, परत येतो. बूटलूप! मग एक्सडीए या फोनवेड्यांच्या फोरमवर जगाच्या पाठीवरच्या कुणा पोरानं काय उपाय लिहिलाय ते शोधायचं. बाहेर उजाडायला लागायचं आणि आई विचारायची, "परीक्षा आहे का गं?"

डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेनमॉड, म्हणजे सायनोजेनचं कुणालाही आपल्या फोनात टाकता येणारं रूप, बंद पडलं, लिनिएजओएसनं ते पुढं चालवलं. मी मात्र सोडलं. लग्न झालं, स्वतःचं दुकान झालं, गल्ल्यावर क्यूआर कोड आला. बूटलोडर अनलॉक केलेल्या फोनवर बऱ्याच बँकांची ॲपं उघडायला नकार देतात, आणि बँकेचं ॲप नसलेला फोन दुकानदाराला काय कामाचा?

तेव्हापासून माझ्याकडं दोन फोन असतात. एक खेळायचा, एक गल्ल्याचा. दोघांचे नियम उलटे.

खेळायच्या फोनवर जे येईल ते त्याच रात्री. बीटा, म्हणजे कंपनीचं अजून कच्चं व्हर्जन, आला तर बीटा. गल्ल्याच्या फोनवर मात्र मी म्हाताऱ्या माणसासारखी सावध असते. दर महिन्याचा सिक्युरिटी पॅच टाकायचा, त्यात टाळाटाळ नाही. हे मासिक पॅच सुरूच झाले ते २०१५ च्या उन्हाळ्यात 'स्टेजफ्राइट'चा गाजावाजा झाल्यावर. नुसत्या एका एमएमएसमधून फोनात शिरता येतं असं तेव्हा दिसलं होतं. पण मोठं व्हर्जन आलं, की थांबायचं. पहिली दुरुस्ती येऊ दे, मग बघू. आणि टाकायचं ते दुकानाच्या सुट्टीला दुपारी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर नाहीच. बीपी-शुगरची महिनाभराची औषधं न्यायला तेव्हाच सगळे येतात, त्या गर्दीत 'ॲप्स ऑप्टिमाइझ होत आहेत' हे वाचत उभं राहायची माझी तयारी नाही.

लोक मला विचारतात, अपडेट केल्यावर बॅटरी का उतरते? पहिले एक-दोन दिवस उतरणारच. व्हर्जन बदललं की फोन आतल्या आत सगळी ॲपं नव्यानं लावून घेत असतो, फोटोंची यादी परत करत असतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी 'वाट लागली' म्हणून बोंब मारू नये. आठवडा गेला आणि तरी उतरतेय, तर मग बोला.

आणि उशीर का लागतो, हेही विचारतात. गूगलनं अँड्रॉइड काढलं की ते आधी चिप बनवणाऱ्याकडं जातं, मग फोन कंपनीकडं. ती त्यावर आपला साज चढवते, तपासते, मग आपल्याकडं. पूर्वी हे सगळं एकात एक इतकं गुंतलेलं असायचं की चिपवाल्यानं हात वर केले की फोन तिथंच संपला. २०१७ मध्ये ओरिओबरोबर प्रोजेक्ट ट्रेबल आलं आणि चिपशी बोलणारा भाग वेगळा काढला गेला. त्याच्या आदल्या वर्षी नूगाबरोबर आणखी एक शहाणपण आलं होतं: फोनात सिस्टिमच्या दोन जागा ठेवायच्या. एकीवर आपण काम करत असतो तेव्हा दुसरीवर अपडेट भरलं जातं, रीस्टार्टला जागा बदलते, बिघडलं तर जुनी जागा शाबूत. बूटलूपमध्ये रात्री काढलेल्या माणसाला विचारा याची किंमत. (अँड्रॉइडच्या व्हर्जनना तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं खाऊची नावं असायची. नूगा म्हणजे अक्षर एन. तेव्हा केरळच्या लोकांनी नेय्यप्पमसाठी चांगलाच जोर लावला होता. २०१८ मध्ये पी आला, पुरणपोळीची हक्काची संधी, आणि आपण मराठी माणसं गप्प बसलो. नाव पडलं पाय. २०१९ मध्ये तर खाऊची नावंच बंद झाली आणि नुसतं १० आलं. विषय संपला.)

एवढं सगळं माहीत असून २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी माझ्या काउंटरवर जे झालं, त्यानं मला विचारात पाडलं.

शटर वर करून उदबत्ती लावत होते, तोवर आमचे एक जुने गिऱ्हाईक आले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात.

"ताई, फोन हॅक झालाय बगा."

"काय झालं?"

"पोराचा फोन आला, वर ढकलतोय तर उचलंना. रातीपर्यंत बरोबर हुता की. पोरगं म्हणतंय बँकेतलं पैसं आधी काढा."

फोन बघितला. हॅक वगैरे काही नव्हतं. कॉल करायचं ॲप बदललं होतं. त्या दिवसांत देशभर असंख्य फोनांवर ते बदललं, रातोरात, रीस्टार्टसुद्धा न होता. कारण हे डायलर फोनच्या सिस्टिमचा भाग नसून प्ले स्टोअरवरून येणारं एक ॲप आहे, आणि बऱ्याच ब्रँडांच्या फोनात तेच बसवलेलं असतं. आपण झोपलेलो असताना ते स्वतःला अपडेट करून घेतं. आधी कॉल उचलायला बोट वर सरकवायचं, आता आडवं सरकवायचं. आवडते नंबर आणि अलीकडचे कॉल वेगवेगळे होते, ते 'होम' नावाच्या एकाच पानावर आले.

आप्पांच्या मागं आणखी दोघं. दुपारपर्यंत तर औषधापेक्षा फोन दाखवायलाच जास्त लोक. मी सगळ्यांना तेच करून देत होते: ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरायचं, माहिती उघडायची, वरचे तीन ठिपके, 'अपडेट अनइन्स्टॉल करा'. जुना चेहरा परत. नंबर जात नाहीत, कॉलची यादी जात नाही. एक काकू मात्र म्हणाल्या, "असू दे गं, बटणं मोठी झालीत, बरं दिसतंय." त्यांचं तसंच ठेवलं. आप्पांना मी आणखी एक करून दिलं. त्या नव्या ॲपच्या सेटिंगमध्ये आडवं सरकवण्याऐवजी एकदाच टेकवून कॉल उचलायचा पर्याय आहे. शेतात राबून बोटांची टोकं घासलेली असली की काचेवर सरकवणं नीट जमत नाही, टेकवणं जमतं. म्हणजे नवं ॲप आप्पांसाठी जुन्यापेक्षा चांगलं निघालं! पण ते त्यांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. आदल्या रात्री पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत एक ओळ आली असती, 'उद्यापासून फोन असा उचला', तर माझी सकाळ वाचली असती आणि आप्पांची बँकेकडची पायपीट.

मला नव्याचं कौतुक आहे, ते जाहीरच आहे. पण न विचारता बदललेला फोन आणि विचारून बदललेला फोन यांत फरक आहे. मी खेळायच्या फोनवर स्वतःहून बिघाड ओढवून घेते. आप्पांनी तसं काही मागितलं नव्हतं.

आता माझंच गाऱ्हाणं. मागचा खेळायचा फोन, कंपनीचं नाव घेत नाही, एका अपडेटनंतर सकाळी उठून बघते तर पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेष. सरळ, बारीक, झगझगीत. फोन वॉरंटीतून नुकताच बाहेर पडलेला. सर्व्हिस सेंटरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, अपडेटमुळं नाही, डिस्प्लेचा प्रॉब्लेम आहे." पडदा बदलायचा खर्च ऐकून मी त्याच्याकडं बघतच राहिले, त्यात थोडे घातले की नवा फोन येत होता. मी पडदा बदलला नाही. त्या रेषेसकट तो फोन अजून चालतो, नवरा त्यावर क्रिकेट बघतो आणि रेष नेमकी स्कोअरवर येते म्हणून चिडतो.

माझ्यासारखे वेडे मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही संशयी झाले ते डिसेंबर २०१७ पासून. ॲपलनं तेव्हा कबूल केलं की जुनी बॅटरी असलेले आयफोन अपडेटनंतर मुद्दाम सावकाश चालवले जात होते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण होतं, आणि त्यात तथ्यही होतं. पण आधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी अपडेटनं फोन मंदावल्याबद्दल इटलीनं ॲपलला एक कोटी युरो दंड केला, सॅमसंगला पन्नास लाख युरो. आपल्याकडं 'अपडेटनं फोन स्लो करतात' हे आधीपासून बोललं जायचं, त्याला आधार मिळाला.

उलटंही घडतं, तेही सांगते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं तेव्हा कितीतरी लोकांच्या खोक्यावर ठळक ५जी छापलेलं होतं आणि फोनात मात्र ते चालत नव्हतं. अपडेट यायचं होतं. आयफोनवाल्यांना तर डिसेंबरात आयओएस १६.२ हे अपडेट आल्यावर ते मिळालं. फोनचा एक तुकडा महिन्यांनी, वर्षांनी हवेतून येतो, आणि तो धरूनच आपण पैसे मोजलेले असतात.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. आमच्याकडं दहा रुपयांच्या पट्टीवरसुद्धा बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि एक्सपायरी छापलेली असते. एक्सपायरी झालेली पट्टी काउंटरवर सापडली तर ड्रग इन्स्पेक्टर सोडत नाही. फोनच्या खोक्यावर एमआरपी असते, बनवल्याचा महिना असतो. 'सिक्युरिटी अपडेट अमुक महिन्यापर्यंत' एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे, कंपनीनं किमान किती काळ अपडेट देणार ते जाहीर करायचं. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून त्याही पुढं पाऊल टाकलं: मॉडेलची विक्री थांबल्यावर निदान पाच वर्षं अपडेट. आणि हे जमत नाही असंही नाही. गूगलच्या पिक्सल ८ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये सात वर्षं जाहीर झाली, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ ला जानेवारी २०२४ मध्ये तेवढीच. बरं, ते महाग फोन म्हणाल, तर गॅलेक्सी ए१६ ५जी बाजारात आला तेव्हा वीस हजारांच्या आतला होता आणि त्याला सहा वर्षं.

यातली मेख मात्र लक्षात ठेवा. कंपन्या जाहीर करतात ती वर्षं मोजतात फोन बाजारात आला त्या दिवसापासून, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा 'फ्लॅगशिप' निम्म्या किमतीत दिसला की आधी वजाबाकी करा. शॉर्ट एक्सपायरीचा माल स्टॉकिस्ट आम्हाला असाच स्कीममध्ये देतो. घ्यायचा तर घ्यावा, मीही घेते, पण किती दिवसांत खपवायचा ते आधी ठरवून.

नवा फोन घेतलाच, तर दुकानदार मंडळींसाठी एक सांगणं: गल्ल्याचा फोन बदलायच्या आधी स्टॉकिस्टचं पेमेंट उरकून घ्या. नव्या अँड्रॉइड फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास ५,००० रुपयांच्या वर पाठवता येत नाही. आणि सिमवरून एसएमएस जाईल एवढा बॅलन्स ठेवा. नोंदणीचा मेसेज गेला नाही की लोक बँकेला शिव्या देतात. मेसेजचा पॅक संपलाय हे कुणी बघत नाही.

हे सगळं मी भाच्याला अथपासून इतिपर्यंत ऐकवलं. त्याला कॉलेजसाठी फोन घ्यायचा होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशी, तू तारखा बघ. मला एफपीएस हवेत."

एफपीएस म्हणजे गेमची चित्रं सेकंदाला किती पळतात ते. आणि त्यानं गेमिंगचा फोन घेतला, दोनच वर्षं अपडेट असलेला. घेऊ दे. त्या वयात मीही रात्रभर बूटलूप सोडवत बसायचेच की. शिवाय फोन खरंच वेगवान आहे, मी तासभर खेळून बघितलाय.

माझ्या खेळायच्या फोनवर सध्या बीटा आहे. नोटिफिकेशनचा पडदा मस्त झालाय, कीबोर्ड कधीकधी अर्ध्या शब्दात गायब होतो, आणि कॅमेरा उघडला की फोन स्वतःहून रीस्टार्ट होतो. म्हणून या वेळी लेखात फोटो नाहीत.